टरूबाचे अकरा: महामारीत सापडलेल्या एका दौऱ्याचं प्रकरण, मराठवाड्यातून पाहिलेलं

एकोणीस वर्षांखालील मुलांचा क्रिकेट विश्वचषक १४ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२२ या काळात वेस्ट इंडीजमध्ये झाला. सोळा संघ, ४८ सामने आणि मैदानं चार देशांत विखुरलेली: गयाना, त्रिनिदाद व टोबॅगो, सेंट किट्स व नेव्हिस आणि अँटिग्वा व बार्बुडा. भारताने सतरा मुलं नेली होती. १९ जानेवारीला त्रिनिदादमधल्या टरूबा इथल्या ब्रायन लारा स्टेडियमवर आयर्लंडशी दुसरा साखळी सामना होता. त्या दिवशी सतरापैकी सहा जण विलगीकरणात होते. कर्णधार यश धूल आणि उपकर्णधार शेख रशीद हे दोघंही त्यांत होते. खेळायला उरले बरोबर अकरा. त्या अकरांत एक आमच्या तुळजापूरचा होता, राजवर्धन हंगरगेकर.

महामारीने उधळलेले किंवा लांबणीवर टाकलेले दौरे कमी नाहीत. मार्च २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला. धरमशालाचा पहिला एकदिवसीय सामना पावसात वाहून गेला आणि लखनौ-कोलकात्याचे पुढचे दोन सामने रद्द करून पाहुणे माघारी गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्धची मँचेस्टरची पाचवी कसोटी पहिला चेंडू पडण्याआधीच रद्द झाली. या दोन्ही प्रकरणांवर भरपूर लिहून झालंय. मला टरूबाचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे दौरा थांबला नाही. तो का थांबला नाही, हे नीट उलगडून पाहिलं तर गाव-तालुक्याच्या पातळीवर मुलांना खेळवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या उपयोगाचं बरंच काही हाती लागतं.

दौऱ्याआधीची दोन वर्षं

या मुलांची तुकडी मुळातच अर्धी उपाशी होती. २०२०-२१ च्या हंगामात रणजी करंडक झाला नाही. ८७ वर्षांत पहिल्यांदाच असं घडलं. वयोगटाच्या स्पर्धाही झाल्या नाहीत. एकोणीस वर्षांखालची विनू मांकड स्पर्धा २०२१ च्या शरद ऋतूत भरली, त्यातून संघ उभा राहिला. मग डिसेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषक झाला. तिथेही एक सामना मध्येच थांबवावा लागला, कारण दोन सामनाधिकारी बाधित निघाले. ३१ डिसेंबरला दुबईत श्रीलंकेला हरवून भारताने तो चषक जिंकला आणि संघ तिथूनच पुढे कॅरेबियन बेटांकडे निघाला.

मोठ्या खेळाडूचं एक वर्ष बुडालं तर त्याची आकडेवारी बिघडते. सोळा वर्षांच्या पोराचं वर्ष बुडालं तर त्याचा वयोगटच निघून जातो. मार्च २०२० मध्ये जो मुलगा सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीच्या तयारीत होता, तो मैदान पुन्हा नीट सुरू होईपर्यंत त्या गटातून बाहेर पडलेला होता. आमच्याकडे अशी मुलं भरपूर. काही जण वडिलांच्या दुकानावर बसले, काही पोलीस भरतीच्या मागे लागले. त्यांच्यात कोण किती चांगला होता, हे आता कुणालाच कळणार नाही.

विमानतळावर घडलेलं

या प्रकरणात लोकांना आठवतो तो आयर्लंडचा सामना. माझ्या मते खरी ठिणगी त्याआधीच पडली होती, तीही मैदानापासून लांब. दुबईहून ॲमस्टरडॅममार्गे संघ त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन विमानतळावर उतरला आणि सात मुलांना तिथेच अडवलं गेलं. कारण त्यांनी लस घेतलेली नव्हती. परत पाठवण्याची भाषा सुरू झाली. शेवटी सरकारी पातळीवर बोलणी झाली तेव्हा मुलं पुढे जाऊ शकली. संघाच्या व्यवस्थापकांनी हे सगळं स्पर्धा संपल्यावर वृत्तसंस्थेला सांगितलं.

आता त्या मुलांनी लस घ्यायची तरी कुठून? भारतात १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं, तेव्हा संघ देशाबाहेर होता. समजा, ही मुलं घरी असती आणि पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहिली असती, तरी कोव्हॅक्सिनच्या दोन मात्रांमध्ये २८ दिवसांचं अंतर ठेवावं लागे. म्हणजे दुसरी मात्रा ३१ जानेवारीला. तोवर स्पर्धा उपांत्य फेरीला टेकलेली. ज्या वयाची स्पर्धा, त्याच वयाला लस नाही आणि प्रवेशाचा नियम मात्र लसीचा. हा पेच आधी दिसायला हवा होता. स्पर्धा भरवणाऱ्यांनी यजमान देशांच्या सरकारांशी बोलून अल्पवयीन खेळाडूंसाठी लेखी सवलत आधीच मिळवून ठेवायची, एवढंच काम होतं. ते झालं नाही म्हणून शाळकरी वयाची पोरं परक्या विमानतळावर ताटकळली. याचा मला आजही राग येतो.

न्यूझीलंडने तर आधीच माघार घेतली होती. परत येताना अल्पवयीन मुलांना सक्तीच्या विलगीकरणात राहावं लागलं असतं, ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या जागी स्कॉटलंड आला. त्या निर्णयाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. मुलं आपल्या ताब्यात असतात तेव्हा असा विचार करावाच लागतो.

१९ जानेवारी

१५ जानेवारीला गयानात दक्षिण आफ्रिकेला ४५ धावांनी हरवून संघ त्रिनिदादला आला. धूलने ८२ केल्या होत्या आणि विकी ओस्तवालने पाच बळी घेतले होते. त्यानंतर चाचण्यांचे निकाल एकामागून एक येऊ लागले. आयर्लंडच्या सामन्याच्या सकाळी खुद्द कर्णधार आणि उपकर्णधार बाहेर गेले.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. क्लबच्या खोलीत पोरांनी किटबॅगला टेकवून मोबाईल उभा केला होता. नाणेफेकीला निशांत सिंधू आलेला पाहून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धूल कुठे गेला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. समालोचक बोलले तेव्हा कळलं. मग एकाने अकराजणांची यादी मोठ्याने वाचली आणि ‘राजवर्धन आहे’ एवढंच म्हणाला. खोलीत हायसं वाटलं.

आयर्लंडने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. हरनूर सिंग ८८, अंगक्रिश रघुवंशी ७९. दोघांनी पहिल्या गड्यासाठी १६४ धावा जोडल्या. राज बावाने ४२, हंगामी कर्णधार सिंधूने ३६. शेवटी राजवर्धन आला आणि १७ चेंडूंत नाबाद ३९ ठोकल्या, त्यांत पाच षटकार. भारत ५ बाद ३०७. आयर्लंड १३३ वर सर्वबाद, विजय १७४ धावांनी.

धावफलक एवढंच सांगतो. प्रकरण समजून घ्यायचं तर संघात आत कोण आलं, ते पाहायला हवं. धूल आणि रशीद यांच्या जागी गर्व सांगवान आणि अनीश्वर गौतम आले. दोघांनीही प्रत्येकी दोन गडी बाद केले. पहिल्या सामन्यात ही दोन मुलं बाहेर बसून होती. एरवी बहुधा पुढेही बाहेरच बसली असती. पण ती तयार होती. सिंधूचंही तसंच. सकाळी नेतृत्व अंगावर पडलं आणि त्याने गोलंदाजी बदलताना, क्षेत्ररक्षण लावताना कुठे गडबड होऊ दिली नाही.

बाकावर एकही मुलगा नव्हता. पाण्याच्या बाटल्या घेऊन प्रशिक्षकांनाच मैदानात जावं लागलं. एखाद्याचा स्नायू दुखावला असता तर भारत दहाजणांनी खेळला असता. मुख्य प्रशिक्षक पुण्याचे हृषीकेश कानिटकर, सोबत राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचे प्रमुख व्ही. व्ही. एस. लक्ष्मण. दोघांनी आयुष्यात बरंच पाहिलेलं. त्या दिवशी मुलं बिथरली नाहीत, यात त्यांचा वाटा मोठा असणार.

राजवर्धनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याचे वडील २०२० मध्ये कोविडने गेले. हे तेव्हा वृत्तपत्रांत आलं होतं आणि आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ज्या घराने हा आजार असा पाहिला, त्या घरातला मुलगा दीड वर्षाने परदेशात, संघातले सहा जण विलगीकरणात असताना मैदानात उतरला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते तोच जाणे. आम्ही इथून त्याचे षटकार पाहिले आणि खोलीतला एक जाणता माणूस डोळे पुसत बाहेर गेला.

सोबत नेलेले राखीव आणि घरी ठेवलेले राखीव

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. मंडळाने सतराजणांशिवाय पाच राखीव खेळाडूही निवडले होते, पण ते भारतातच थांबले. आयर्लंडच्या सामन्यानंतर धावाधाव करून पाचजणांना पाठवण्यात आलं: उदय सहारन, अभिषेक पोरेल, ऋषित रेड्डी, अंश गोसाई आणि पी. एम. सिंग राठोड. पण आपल्या देशातून कॅरेबियनला पोहोचायचं, मग तिथे विलगीकरणात राहायचं आणि मग नेटमध्ये उतरायचं. २२ जानेवारीच्या युगांडाच्या सामन्याला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. तो सामनाही त्याच उरलेल्या मुलांवर निभावला. रघुवंशी १४४, राज बावा नाबाद १६२, भारत ५ बाद ४०५ आणि विजय ३२६ धावांनी. समोर तुल्यबळ संघ असता तर काय झालं असतं, हा विचार मात्र सुटत नाही.

याच्याशेजारी जुलै २०२१ चा मोठ्यांचा श्रीलंका दौरा ठेवून पाहा. शिखर धवन कर्णधार, राहुल द्रविड प्रशिक्षक. २७ जुलैला कृणाल पंड्या बाधित निघाला आणि त्याच्या निकट संपर्कातले आठजण बाजूला काढावे लागले. दुसरा ट्वेंटी-२० सामना एक दिवस पुढे गेला, पण झाला. संघ होता वीसजणांचा आणि नेटमध्ये गोलंदाजी करायला आणखी पाचजण सोबत नेलेले. त्या पाचांना मुख्य संघात घेतलं गेलं आणि त्यांतला संदीप वॉरियर तिसऱ्या सामन्यात भारताकडून खेळलाही. दुसऱ्या सामन्यात चार नवे चेहरे एकदम आले, त्यांत महाराष्ट्राचा ऋतुराज गायकवाड. भारत ती मालिका २-१ ने हरला. पण दौरा पूर्ण झाला, कारण माणसं तिथेच होती, त्याच हॉटेलात, त्याच बंदोबस्तात.

आणि मँचेस्टर? तिथे खेळाडूंचे अहवाल निगेटिव्ह होते. सहायक फिजिओ बाधित निघाला, त्याचे हात सगळ्यांना लागलेले, आणि खेळाडू उतरायला तयार झाले नाहीत. म्हणजे तिथे अडचण संख्येची नव्हतीच. विश्वास उडाला होता. ती कसोटी पुढे जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला झाली. मधल्या काळात दोन्ही संघांचे कर्णधार बदलले होते. इंग्लंडने ३७८ धावांचं लक्ष्य सात गडी राखून गाठलं आणि मालिका २-२ अशी सुटली. दहा महिन्यांनी खेळलेला सामना हा त्या मालिकेचा सामना राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

राखीव खेळाडू सोबत नेण्याला खर्च लागतो, हे मान्य. पाच तिकिटं, पाच खोल्या, पाच मुलांच्या चाचण्या. शिवाय माणसं वाढली की संसर्गाची शक्यताही वाढते, हाही मुद्दा खोटा नाही. तरीही जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट मंडळाने मुलांचा संघ पाठवताना हा हात आखडायला नको होता. मोठ्यांच्या संघाबाबत सहा महिने आधी घेतलेली काळजी मुलांच्या संघाबाबत घेतली गेली नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती मला छोटी वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. धूल, रशीद बरे होऊन २९ जानेवारीच्या उपांत्यपूर्व सामन्यात परतले, तर त्याच सामन्याआधी सिंधू बाधित निघाला. एक आत, एक बाहेर, असं चालूच होतं. बांगलादेशला हरवलं. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध धूलने ११० आणि रशीदने ९४ केल्या, म्हणजे आजारातून उठलेल्या त्याच दोघांनी. ५ फेब्रुवारीला अँटिग्वात इंग्लंडला चार गडी राखून हरवून भारताने पाचव्यांदा विश्वचषक जिंकला. कॅनडाच्या नशिबी हे नव्हतं. त्यांचे नऊजण बाधित निघाले आणि उरलेले सामने रद्द झाले.

त्याच जानेवारीत आपल्याकडे

टरूबात सामना चालू होता तेव्हा आपल्याकडचं क्रिकेट पुन्हा बंद पडलं होतं. १३ जानेवारीपासूनचा रणजी करंडक ४ तारखेलाच पुढे ढकलला गेला. सोळा वर्षांखालची विजय मर्चंट स्पर्धाही लांबली, कारण तेच, त्या वयाला लस नव्हती. पुण्यात कूचबिहार करंडकाची बाद फेरी व्हायची होती. खुद्द एकोणीस वर्षांखालच्यांचीच ही स्पर्धा, पण संघांमध्ये रुग्ण सापडले आणि १० जानेवारीला ती थांबवली. राज्यात रात्रीची संचारबंदी होती, शाळा बंद होत्या.

तुळजापूर, धाराशिव, बीड, लातूर, नांदेड इथल्या मुलांसाठी पुणे म्हणजे सगळं काही. निवड चाचणी तिथे, निमंत्रितांचे सामने तिथे, टर्फ विकेटही, म्हणजे माती-गवताची खरी खेळपट्टीही, तिथेच. आपल्याकडे जमीन सपाट करून त्यावर काथ्याची मॅट ठोकायची आणि सीझन बॉलने, म्हणजे चामड्याच्या चेंडूने, खेळायचं. मॅटवर चेंडू एका मापात उसळतो. टर्फवर गेल्यावर तो कधी खाली राहतो, कधी घसरतो, आणि पहिल्या चार डावांत पोरगं पायचीत होऊन परत येतं. त्यासाठी आधी आठ-पंधरा दिवस तिथे राहून सराव करावा लागतो. त्या जानेवारीत तर पुण्याला पोहोचायचेच वांधे होते. एसटीचा संप नोव्हेंबरपासून चाललेला. तुळजापूरहून काळी-पिवळीने सोलापूर गाठायचं आणि पुढे रेल्वे, तर तिथे आरक्षणाशिवाय चढता येत नव्हतं. एक चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज पोरगा किट घेऊन सोलापूर स्टेशनवरून परत आला. त्याचे वडील शेतमजूर. आरक्षणाचं तिकीट काढून द्यायला त्या वेळी कुणी पुढे आलं नाही. ज्या संस्थेने येण्याजाण्याचा खर्च देऊ म्हटलं होतं, तिने फोन उचलला नाही.

म्हणून मला टरूबाच्या अकरांचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी घोर लागतो. त्या अकरांत महाराष्ट्राचे तिघं होते: राजवर्धन, ओस्तवाल आणि कौशल तांबे. मराठवाड्याचा एकच, आणि तोही घडला तो पुण्याला जाऊन. मधल्या पायऱ्या मोडल्या तर अकरावा, बारावा, सतरावा कुठून येणार? सांगवान आणि गौतम आयत्या वेळी उभे राहिले, कारण कुणीतरी त्यांना आधीच्या महिन्यांत सराव दिला होता, संघासोबत नेलं होतं, जेवू घातलं होतं.

घरी ठेवलेल्या राखीवांतल्या उदय सहारनचं पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. दोन वर्षांनी, २०२४ च्या विश्वचषकात, तोच भारताचा कर्णधार होता. ६ फेब्रुवारी २०२४ ला बेनोनीत उपांत्य सामना, दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांचा पाठलाग आणि भारत ४ बाद ३२. तिथून सहारनने ८१ केल्या आणि त्याला साथ दिली ती बीडच्या सचिन धसने, ९६ धावा. दोघांची भागीदारी १७१ ची. भारत दोन गडी राखून जिंकला. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने नेला, पण बीडमध्ये त्या दिवशी पोरांच्या तोंडी सचिनचंच नाव होतं.

या प्रकरणाचा धडा आम्ही आमच्यापुरता लावून घेतलाय. जिल्ह्याचा संघ पुण्याला जातो तेव्हा खर्च वाचवायला मोजकी मुलं नेण्याची रीत आहे. एक जण तापाने पडला, एकाचा घोटा मुरगळला की क्षेत्ररक्षणाला व्यवस्थापकाचा मुलगा उभा करायचा. आता निवड झाली की राखीव मुलांची नावं त्याच दिवशी फळ्यावर लिहिली जातात आणि तीही मुलं गाडीत बसतात. प्रत्येकाचा जन्मदाखला, आधार, बोनाफाईड आणि लसीचा कागद एका फाईलीत, फाईल व्यवस्थापकाकडे. राखीव मुलांनाही नेटमध्ये तेवढीच षटकं. पैशांचा प्रश्न सुटलेला नाही. गावातल्या टेनिस बॉल स्पर्धांना लाखाची बक्षिसं लावणारे पुढारी आहेत, त्यांच्याकडे आम्ही एका वर्षाच्या बक्षिसाएवढी रक्कम राखीव मुलांच्या पुण्यातल्या राहण्या-जेवणासाठी मागितली आहे. दोघांनी होकार दिलाय, तिसरे निवडणुकीनंतर बघू म्हणालेत.